तानुबाईचं इंजन आणि अमरावतीचा पंप

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात तानुबाईच्या पाटीतलं वांगं कोणी दाबून पाहू लागला, की ती म्हणायची, "बाप्पा, वांगं व्हय ते! नाडी काहून पाहून राहिला त्याची?" गिऱ्हाईक हसायचं आणि दोन वांगी जास्तच घ्यायचं. शाळेची पायरी तिनं चढली नव्हती. पण मोर्णा नदीकाठच्या आपल्या मळ्यात आज कोणत्या वाफ्याला पाणी हवं आणि कोणता उद्यापर्यंत दम धरेल, हे ती बांधावरून चालता चालता सांगायची. तिचा शब्द खोटा ठरलेला कोणाला आठवत नव्हता. एकसष्ट सालच्या चैत्रात मात्र तो खोटा ठरायची वेळ आली.

विहिरीवर इंजन बसवायचा हट्ट तिचाच. नवरा श्रावण मोटेवर सुखी होता. "बैलाले हाक देल्ली त बैल आयकते. इंजन कोनाचं आयकते?" असं तो म्हणाला. तानुबाईनं त्याचंही ऐकलं नाही. बैलजोडी विकून तिनं जठारपेठेतल्या केशवराव मिस्त्रींकडून एक जुनं इंजन आणलं. दोन जाड चाकांचं, म्हाताऱ्या माणसासारखं संथ चालीचं. दीड वर्ष ते भक् भक् करत इमानानं पाणी ओढत राहिलं. मग त्याच्यासोबत आलेला जुना पंप तडकला. अमरावतीहून कमलाकांत नावाच्या दुकानदाराचा नवा पंप आणला. हिरव्या रंगाचा, नवरदेवासारखा चकचकीत. आणि त्या दिवसापासून इंजन बिघडलं.

बिघडलं म्हणजे कसं? सुरू व्हायचं झोकात. पाटात पाणी पडायचंही धो धो. पण पाच-दहा मिनिटं गेली, की आवाज जड व्हायचा, नळीतून काळा धूर निघायचा आणि इंजन आचका देऊन गप्प. पुन्हा सुरू करा, पुन्हा गप्प. पाणी पहिल्या दोन वाफ्यांच्या पुढे जाईना. वांग्याची झाडं दुपारी माना टाकू लागली. मोगरा कळीवर आलेला, लग्नसराई तोंडावर.

शेजारच्या मळ्याचे खुशालराव बांधावर येऊन बोलले, "श्रावण, तुह्या बायकोचं इंजन निरा धूर काढते. सोमवारपासून तू माह्या मळ्यात येऊन घाम काढ. चार घास त भेटन." श्रावण खाली मान घालून उभा राहिला. तो उलटून बोलला असता तर तानुबाईला इतकं लागलं नसतं. सोमवारला पाच दिवस होते.

केशवराव दोनदा येऊन गेले होते. पंपाला जोडणारा पट्टा काढून नुसतं इंजन चालवायचे, कान लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "घड्याळावानी चालून राहिलं, बाई. खोट पंपात हाय." पंप उचलून अमरावतीला नेला, तर कमलाकांतांनी तो आपल्या दुकानातल्या नव्या इंजनाला जोडून पाण्याचा फवारा उडवून दाखवला. "पंप उत्तम आहे. तुमचं इंजन भंगारात घाला." दोघंही खरं बोलत होते आणि मळा वाळत होता. शहाण्या माणसांची ही जुनीच खोड. आपापल्या ओट्यावर बसून प्रत्येक जण बरोबर असतो. मधल्या रस्त्यात कोण मेलं, ते बघायला ओटा सोडून कोणी उतरत नाही.

तानुबाईनं दोघांना उतरवायचं ठरवलं. चौथी पास श्रावणाकडून तिनं अमरावतीला कार्ड लिहवून घेतलं: "केशवराव मिस्त्री भर बाजारात म्हणतात की तुमचा पंप पत्र्याचा डबा आहे. हिंमत असल्यास शनिवारी मळ्यावर येणे." आणि केशवरावांना दुकानात जाऊन सांगितलं, "अमरावतीवाले शनिवारी येऊन राहिले. तुमी लोखंड विकता, इंजन नाई, असं म्हनतेत."

शनिवारी सकाळी केशवराव सायकलवर आणि कमलाकांत इस्त्रीच्या सदऱ्यात, स्टेशनापासून पायी, घामाघूम, मळ्यावर पोचले.

"कोण म्हणतं डबा?"

"कोण म्हनते लोखंड?"

"मी म्हनतो," तानुबाई म्हणाली. तावात आली की ती बाप्यासारखीच बोलायची. "आता भांडून झालं असन त इंजन सुरू करा. दोघं मिळून. पट्टा चढवून."

इंजन सुरू झालं. पाणी आलं. दोघांनी एकमेकांकडे विजयानं पाहिलं. सातव्या मिनिटाला धूर निघाला आणि सारं बंद.

"पंप!" केशवराव ओरडले.

"इंजन!" कमलाकांत ओरडले.

तानुबाई मात्र पट्ट्याकडे बघत होती. तिला बापाच्या वेळची एक जोडी आठवली. एक पोक्त बैल, एक नवा गोऱ्हा. दोघंही जातिवंत, पण एका जुवाखाली घातले की म्हातारा तोंडाला फेस आणायचा. बाप म्हणायचा, दुखणं बैलात नाही, चालीत आहे.

तिनं श्रावणाच्या डबीतला चुना बोटावर घेतला. एक ठिपका इंजनाच्या मोठ्या चाकावर, एक पंपाच्या लहान पुलीवर. "केशवराव, दाब सोडा आन् हातानं चाक फिरवा. सावकाश. एकच फेरा."

केशवरावांनी फिरवलं. मोठ्या चाकाचा एक फेरा झाला, तोवर पंपावरचा ठिपका पाच वेळा गरकन फिरून गेला. मग तिनं गोठ्यातून तडकलेल्या पंपाची पुली आणली आणि दोरी गुंडाळून मोजली. जुन्या पुलीची दोरी नव्या पुलीला बरोब्बर दोनदा वेढली.

"म्हंजे माह्या म्हाताऱ्याच्या एका पावलात जुना पंप अडीच पावलं टाके, हा पाच टाकते. थोडा येळ रेटते. मंग म्हाताऱ्याले दम लागते."

कमलाकांतांनी खिशातून कागद काढला, पेन्सिल ओली केली आणि आकडे मांडले. मांडता मांडता त्यांचा चेहरा उतरला. "दुप्पट वेगाला आठपट जोर लागतो... ही पुली आजकालच्या इंजनांसाठी असते. त्यांचं चाकच लहान." मग घसा साफ करून ते म्हणाले, "तसं हे आम्हाला ठाऊकच असतं."

"ठाऊक होतं त सांगतलं काहून नाई? मुहूर्त पाहून राहिले होते?"

केशवराव खो खो हसले. तानुबाई त्यांच्याकडे वळली. "तुमी कायचे हासता? दोनदा आले आन् दोनदाबी पट्टा काढून ठेवला! नवरा-बायकोचं भांडन एकेकाले येगळं बसवून समजते काय?"

जुनी पुली नव्या पंपाच्या दांड्यावर बसत नव्हती. म्हणून तिनं भगवंत सुताराला बोलावलं. गाड्यांची चाकं करण्यात त्याचा जन्म गेलेला. बाभळीचे दोन अर्धगोल तुकडे तासून त्यानं ते लहान पुलीभोवती बोल्टांनी आवळले, आणि ती जुन्या पुलीएवढी झाली. पट्टा आखूड पडला, तर श्रावणानं जुन्या मोटेचं चामडं जोडून शिवला. कमलाकांतांना दुपारची गाडी गाठायची होती, पण तानुबाईनं भरीत-भाकरीचं ताट समोर ठेवलं आणि "आता जान त माहा अपमान हाय" असं अशा आवाजात म्हणाली, की ते मुकाट्यानं जेवले. वर भाकरही मागून घेतली.

उन्हं कलताना इंजन सुरू झालं. पाण्याची धार जरा कमी होती, पण धूर नव्हता. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. पाणी तिसऱ्या वाफ्यात गेलं, वांग्यांच्या बुडाशी शिरलं, मोगऱ्याकडे वळलं. श्रावण फावडं घेऊन पाण्यापुढे लहान पोरासारखा पळत होता. बांधापलीकडे खुशालराव येऊन उभे राहिले, बघितलं आणि पाठमोरे झाले.

शेवटच्या वाफ्याला दोन हात उरले, आणि इंजन थांबलं.

भगवंताच्या हातातली बिडी तशीच जळत राहिली. कमलाकांतांनी केशवरावांकडे पाहिलं, पण 'इंजन' हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघाला नाही.

तानुबाई उठली. टाकीचं झाकण काढून तिनं आत काडी घातली, बाहेर काढून पाहिली. कोरडी ठक्क.

"बिचारं उपाशी हाय," ती म्हणाली. "आपुन सारे जेवलो, त्याले कोनी इचारलंच नाई."

सगळे हसायला लागले, श्रावण तर फावड्यावर रेलून हसला. तानुबाईनं डिझेलचा डबा उचलून कमलाकांतांच्या हातात दिला आणि सायकलकडे बोट केलं.

"जा दोघं. एकाच सायकलवर. पायडल कोन मारन, ते रस्त्यात ठरवा."