तात्यांचं धुराडं

तात्या चूल पेटवायचे आणि लगेच अंगणात यायचे. हात पाठीमागे बांधून धुराड्याकडे बघत उभे राहायचे. धूर वर चढला की मगच चहाचं आधण. साखर कारखान्याच्या बॉयलरवर उभा जन्म गेलेला. ‘धूर खोटं बोलत न्हाई’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायको गेल्यापासून एकटेच. दोनदा चक्कर येऊन पडले, तेव्हा लेकीनं शहरात, सावेडीला फ्लॅटवर नेते म्हणून लई जीव खाल्ला. ‘तिथं धूर कुठं सोडू?’ म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

तात्यांच्याच गावात, कोल्हारात माझं वेल्डिंगचं दुकान. तात्यांच्या भिंतीला लागून त्यांच्या धाकट्या भावाचं, अण्णांचं घर. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडून दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अण्णांनी वर मजला चढवला, वारा अडला आणि तात्यांचा धूर उलटा घरात शिरायला लागला. मी धुराड्याला चार फूट पाइप जोडून दिला. धूर झक्कास वर जायला लागला. माझ्या लेखी विषय संपला.

पंधरा दिवसांनी निरोप आला, अजून तीन फूट वाढव. मी जाऊन कागद पेटवून बघितला, धूर सुसाट वर.

‘तात्या, कशाला उगीच?’

‘कावळे बसत्यात.’

‘कावळे काय, उंच केलं तरी वर बसतील.’

‘मग पावसाचं पानी येतं.’

हिवाळा चाललेला. माझं डोकंच चालेना. तरी शिडी लावून चढलो, तर खालून विचारतात, ‘अण्णाच्या गच्चीच्या कठड्याच्या वर जाईल ना रं?’ तेव्हा माझी ट्यूब पेटली. धूर अण्णांच्या वाळवणावर सोडायचा असणार! भाऊबंदकी कुठपर्यंत जाते, आम्हाला काय शिकवायचंय. मी फणकाऱ्यानं खाली उतरलो.

‘मला तुमच्या भांडणात घेऊ नका.’

‘भांडन आमचं, पाइप तुझा. तू बसव,’ तात्या शांतपणे म्हणाले.

बसवला. वाऱ्यानं हलू नये म्हणून तारेचे ताणही दिले. मनातून मात्र तात्या उतरले, खोटं कशाला बोलू.

महिनाभरानं एका सकाळी अण्णा अनवाणीच दुकानात आले. ‘तात्याचा धूर न्हाई निघाला आज. दार आतून बंद हाय. शिडी घे.’ आम्ही भिंतीवरून आत उतरलो. चुलीत बाभळीची लाकडं नीट रचलेली, शेजारी तात्या आडवे, मुठीत काडेपेटी. श्वास चालू होता. दवाखान्यात चार दिवस काढले. अण्णा उशाशी बसून असायचे. तात्यांची वाचा गेली होती. पाचव्या दिवशी तेही गेले.

दहावा झाल्यावर मी पाइप उतरवायला गेलो. अण्णांनी शिडी धरली.

‘राहू दे. सकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसायचो. त्याचा धूर दिसला की मग चहा घ्यायचो. मजला झाल्यावर मधी कठडा आला, दिसंना. मग त्यानं पाइप वाढवला आन् परत दिसाय लागला.’ शिडी तशीच धरून म्हणाले, ‘त्याला ठाव हुतं का रं, मी बघतो ते?’

मी कठड्याचं सांगितलं. कावळ्यांचं सांगितलं, पावसाचंही सांगितलं. मी काय समजलो होतो तेही सांगितलं, मान खाली घालून.

अण्णा तात्यांच्या पायरीवर बसले. वर पाइपाकडे बघत होते.

‘एवढा पाइप चढवला,’ म्हणाले, ‘अरे, मग एक हाक मारायला काय झालं हुतं?’

हे ते तात्यांना विचारत होते की स्वतःला, मला अजून उमगलेलं नाही.