घोडी आधी ओ देते

आमच्या साताऱ्याच्या प्रयोगशाळेत एक मेलेली घोडी राहते. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही. पण मला तिची भीती वाटते, हे खरं.

घोड्यांच्या रक्तात बसणारा एक विषाणू आहे. गोमाशा तो पसरवतात, त्यावर औषध नाही, आणि एकदा शिरला की जन्मभर निघत नाही. लागण झालेलं जनावर कायद्यानं मारावं लागतं. तो ओळखणारी रक्ताची चाचणी आम्ही तयार करत होतो. प्लास्टिकच्या थाळीत बारके खळगे, प्रत्येकात एकेका घोड्याचं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी. लागण असेल तर खळगा पिवळा, नसेल तर पाण्यासारखा. पण थाळी खरं बोलते का, हे कळायला पहिल्या खळग्यात पक्कं लागण झालेलं रक्त लागतं. तो पिवळा झाला तरच बाकीच्यांवर विश्वास.

ते रक्त औंधच्या पलीकडं माळावर मिळालं. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या एका मावशींची घोडी. सगळं बिऱ्हाड, भांडीकुंडी, वर कोंबड्या, असं लादून ती वर्षानुवर्षं सांगलीकडच्या उसाच्या रानात जात होती. मोठ्या प्रयोगशाळेतून लागण असल्याचा अहवाल आला, वरून हुकूम आला. आम्ही आधी बाटल्या भरून तिचं रक्त काढलं, मग इंजेक्शन दिलं. खड्ड्यात चुना टाकला. मावशींनी आयाळीचा एक झुपका मागितला. मी म्हटलं, "नाही मावशी, त्या जनावराचं काहीच न्यायचं नाही."

त्या वळून मेंढरांकडं गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घोडीच्या अंगावर पिणारं शिंगरू होतं. त्याचंही रक्त तपासलं. पिवळं! आता त्याचीही वेळ आली, असं सगळे धरून चालले. मीच अडून बसले. शिंगरू आईचा चीक प्यालेलं; चाचणीला विषाणू नव्हे, त्याच्याशी लढणारी प्रतिद्रव्यं दिसतात; ती आईच्या चिकातून त्याच्यात उतरलेली असू शकतात, आणि विषाणू मात्र नसेलही. तसं असेल तर पिवळेपण काही महिन्यांत हळूहळू ओसरेल. नसेल तर तसंच राहील, आणि मग खड्डा. साहेब माझ्या तोंडाला कंटाळले असावेत. थांबायची परवानगी मिळाली.

"आवं ताई, आईचं दूध पिऊन गुन्हा केला व्हय त्येनं?" मावशींनी विचारलं. मेंढरं थांबत नाहीत. त्या टेंपोत बिऱ्हाड घालून सांगलीकडं गेल्या. शिंगरू आमच्या मागच्या शेडमध्ये, जाळीच्या आत, बाटलीनं दूध पीत राहिलं. ते खिंकाळलं की मी हातातलं काम सोडून फ्रीजरकडं बघायची. तिथं त्याची आई बारक्या बारक्या नळ्यांत गोठून होती.

थाळी लावली की पहिला खळगा सगळ्यांच्या आधी पिवळा व्हायचा. हाक मारताच घोडी ओ द्यायची. मग शिंगराचा खळगा. पुढच्या खेपेला थोडा फिका. त्याच्या पुढच्या खेपेला अजून फिका. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायची, जा बाई, सोड आता लेकराला.

एका सकाळी तो खळगा पाण्यासारखा राहिला. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं, पुन्हा थाळी लावली. तेच! मग मावशींना फोन लावला. पलीकडं मेंढरांचा गलका होता.

"मावशी, शिंगरू वाचलं. न्यायला या."

त्या रडत होत्या की हसत होत्या, कळेना. मग म्हणाल्या, "म्हंजी आता आईचं काय बी न्हाई ऱ्हायलं त्येच्यात?"

"नाही," मी म्हणाले.

"आन् कुटंच न्हाई?"

थाळी समोरच होती. पहिला खळगा पिवळाधमक.

"नाही मावशी," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.