पंखवाल्या हरणाचं तिकीट

चष्मेवाला आणि किल्लीवाला यांची दुकानं समोरासमोर. दोघांनाही जुन्या पावत्यांवरची महसुली तिकिटं जमवायचा नाद. तीही राजचिन्हातल्या प्राण्यांचीच. दोन तोंडांचा गरुड, मुकुट घातलेला सिंह, एकशिंगी घोडा. सुट्टीच्या दिवशी दोघं अल्बम घेऊन बसले, की घरच्यांनी त्यांची आशाच सोडायची.

एकदा किल्लीवाला धापा टाकतच आला. चिमट्यात पंखवाल्या हरणाचं तिकीट.

"मागच्या गल्लीतल्या आजींनी दिलं. त्यांच्या यजमानांच्या संग्रहातलं. बघ ना, अस्सल आहे का?"

चष्मेवाल्याने भिंग लावलं. तिकीट शंभर टक्के अस्सल होतं. हे हरीण तो उभा जन्म शोधत होता. त्याच्या पोटात दुखलं.

"नक्कल आहे रे," तो म्हणाला. "तुला गंडवलंय."

किल्लीवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. "तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार," म्हणत त्याने तिकीट तिथेच टराटरा फाडलं. चष्मेवाल्याचा हात पुढे झाला, तोवर तिकिटाचे तुकडे झाले होते.

पुढच्या सुट्टीला किल्लीवाल्याने आपला अल्बमच आणून दिला. "तूच सांभाळ. मला मेल्याला काही कळत नाही यातलं."

तो अल्बम घरात आला आणि चष्मेवाल्याचं अन्न गोड लागेना. बायको म्हणाली, "भावजींशी भांडलात का? मग जाऊन बोला की!" शेवटी तो रस्ता ओलांडून गेला आणि सगळं ओकून मोकळा झाला.

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. "अरे, मी त्या आजींना वाट्टेल ते बोलून आलोय. चल, आधी तिकडे."

आजींनी दोघांचं ऐकून घेतलं.

"बाकीची तिकिटं मी रद्दीत घातली," त्या म्हणाल्या. "वाटलं, हा माणूस जन्मभर खोटंच जमवत बसला. फोटोसमोर उभी राहून भांडले मी त्यांच्याशी."

चष्मेवाल्याने मान वर केली नाही. "आजी, त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली होती."

"हे तेव्हा सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

किल्लीवाल्याने अल्बम परत मागून घेतला. आता तो पुन्हा तिकिटं जमवतो, समोर दिसला की हातही करतो. पण नवीन काही मिळालं, तर चष्मेवाल्याला दाखवत नाही. आणि चष्मेवालाही कधी मागत नाही.