सडकेची खडी

निजामाच्या राज्यात नरसीकडून हिंगोलीला जाणारी, आमच्या गावाजवळची सडक पक्की करायचं ठरलं, तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सलग दोन वर्षं रानात काही पिकलं नव्हतं. खडी फोडायला माणसं पाहिजेत म्हणून मुकादम गावात आला तेव्हा कोणी दोनदा विचार केला नाही. माझे मालक आणि मी, दोघंही गेलो. सासू घरी राहिली.

मुकादम वसमतकडचा म्हातारा मुसलमान, दाढी पांढरी झालेला. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना रीत समजावली. खाली मोठे दगड बसवायचे, त्यावर खडी, खडीवर मुरूम, मग पाणी मारून बैलांनी ओढायच्या दगडी रुळानं दाबायचं. त्याच्याकडं एक लोखंडी कडं होतं. त्यातून जाईल तो तुकडा चालायचा, अडकेल तो परत फोडायचा.

“बेटी, आदी दगडाची शीर बघायची,” तो मला म्हणाला. “आन् हातोडी पडंल तवा डोळे मिटून घ्यायचे. फुटला का न्हाई ते आवाजावरून बराबर कळतंय.”

आठवड्यात मला ते जमलं. न फुटलेला दगड टणकन वाजायचा, फुटलेला दबका. मालक माझ्या शेजारीच बसून फोडायचे. त्यांच्यापेक्षा माझा ढीग लवकर वाढायचा, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आज ते सांगतानाही लाज वाटते.

एका दुपारी त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्याकडं वळून विचारलं, “तुला पायजे का?”

माझी हातोडी वर गेली होती, डोळे मिटलेले होते. दगड शिरेवर फुटला. आवाज अगदी बरोबर आला. डोळे उघडले तर तांब्या आडवा पडला होता आणि मालक दोन्ही हातांनी तोंड धरून बसले होते. बोटांतून रक्त येत होतं.

माणसं धावली. मुकादमानं विचारलं, “काय झालं?”

“माझ्याच हातोडीनं दगडाची कपची उडाली,” मालक म्हणाले.

त्यांची हातोडी खाली पडलेली होती; कपची माझ्या दगडाची होती.

त्यांना गाडीत घालून हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायला निघालो. सडकेवर आमचीच खडी पसरलेली, अजून न दाबलेली. थोडं गेलो तर बैलांचे खूर रुतायला आणि सोलून निघायला लागले. बैल पुढं पाऊल टाकेनात. गाडी मागं फिरवली आणि ओढ्याच्या अंगानं, शेतांतल्या वाटेनं गेलो. प्रत्येक धक्क्याला मालक कण्हत होते. पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता, डॉक्टर घरी गेले होते. सकाळी त्यांनी डोळा धुऊन पाहिला.

“ये आँख गई. दूसरी संभालो,” ते म्हणाले. “कैसे हुआ?”

“मेरेच हात से, साब.”



घरी आल्यावर सासू लेकावरच चिडली. “मुकादमानं डोळे मिटाया सांगितलं व्हतं ना? मग काहून मिटले न्हाई?” मालक खाली मान घालून ऐकून घ्यायचे. हे एक दिवसाचं नव्हतं. भाकरी वाढताना, गोठ्यात, पाहुण्यांसमोर, सासूच्या तोंडी तेच असायचं. वर ती मला म्हणायची, “तू हायेस म्हनून हे घर चालू हाय, पोरी.”

एकदा मला राहवलं नाही. मालकांना बाजूला घेऊन म्हणाले, “मी आज आत्याबाईला सांगते.”

“सांगून डोळा येनार हाय का?” ते म्हणाले. “आई तुला घरात ऱ्हाऊ द्यायची न्हाई. मग माझं कोन करंल?”

मी सांगितलं नाही. त्यांच्यासाठी गप्प राहिले असं मी स्वतःला समजावायची, पण घरातून निघावं लागेल याची भीती मला त्यांच्याहून जास्त होती.

सडक त्या उन्हाळ्यात पुरी झाली. मुरूम बसवायला पाणी लागायचं आणि ते आमच्याच विहिरीतून जायचं. सडकेवर पाण्याची पिंपं रिकामी व्हायची आणि आम्ही बाया विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून घरी न्यायचो. सडक दिसायला छान झाली. मग कापसाच्या गाड्या सुरू झाल्या. गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांनी दोन हंगामांत मुरमाची धूळ केली, खडी उघडी पडली, चाकोऱ्या इतक्या खोल गेल्या की गाडीवाले पुन्हा बाजूच्या शेतांतून जायला लागले.

तोवर सासू गेली. शेवटच्या दिवसांतही तिनं लेकाला जवळ बोलावून म्हटलं, “उरलेला डोळा तरी जप रे.” त्या डोळ्यापुढंही तेव्हा धुकं यायला लागलं होतं. वर्षभरात मालकांना माझं तोंड दिसेनासं झालं.

सडक उखडून नव्यानं खडी टाकायचं ठरलं तेव्हा मालकांना घरी बसवून मी एकटीच कामावर गेले. मुकादम दुसरा होता. त्यानं विचारलं, “घरचं आनखी कोनी न्हाई का?”

“न्हाई,” मी म्हणाले.