रुळापाशी कोणीतरी

“मग काय करू, तिकडून हात लांब करून थोपटू का पोरीला?” रात्रपाळीवरून आलेल्या कडकबाईने चपलाही न काढता विचारलं.

“थोपटू नकोस. फोन बंद कर, एवढंच म्हणतोय,” नवरा म्हणाला. तो बुटांच्या दुकानात कामाला होता. दिवसभर परक्यांच्या पायांशी वाकल्यावर घरी थोडं ताठ बोलायची त्याला सवय लागली होती. “काल शाळेत बोलावलं होतं मला. बाकावर डोकं टेकून झोपली होती म्हणे. बाईंनी हलवलं तर किंचाळून उठली. सगळा वर्ग हसला.”

“तुमच्या टीव्हीच्या आवाजाने जागी राहत असेल.”

“टीव्ही जेवणं झाली की बंद होतो. विचार आजीला.”

सासूबाई भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होत्या. “मला मध्ये ओढू नका. एवढंच सांगते, पांघरुणाच्या आत उजेड असतो. निळा. उठून बघावंसं वाटतं, मग वाटतं, आईशीच बोलतेय पोर, कशाला मोडता घाला.”

कडकबाई हे तिचं कामावरचं नाव. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ती रात्रपाळीला होती. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची आणि ती इस्त्रीच्या तापलेल्या, फिरत्या रुळांमध्ये सारायची. पलीकडून चादर कडक होऊन बाहेर पडे. हिच्या हातची चादर कधी तिरपी गेली नाही, म्हणून ते नाव. तिच्या चादरींवर शहरभरचे लोक झोपत. ती मात्र सकाळी घरी येऊन चहा टाकी, डबे भरी, कपडे पिळी, सासूबाईंना डॉक्टरकडे नेई, आणि दुपारी जरा डोळा लागतोय तोच लेक शाळेतून येई. झोपतेस कधी गं, असं कुणी विचारलं तर म्हणे, “मेल्यावर भरपूर वेळ आहे.” घरात सगळे यावर हसत.

रात्रपाळी लागली तेव्हा लेक तिच्यावाचून झोपेना. मग व्हिडिओ कॉलचा तोडगा निघाला. घरातला जुना फोन लेकीच्या उशाशी आणि आईचा फोन रुळाजवळच्या फळीवर, साबणाच्या डब्याला टेकवून. थोड्या वेळात लेकीचं बोलणं थांबे. लेकीकडे अंधार असे, पडद्यावर काही नीट दिसत नसे. झोपली, असं कडकबाई धरून चाले. कॉल तोडला तर जागी होईल म्हणून तो तसाच चालू ठेवी.

आणि गेल्या काही महिन्यांपासून त्या रुळापाशी हाक येत होती.

रुळांची घरघर कानात भरली की पापण्या जड व्हायच्या, मान पुढे जायची, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी हळूच म्हणायचं, “आई.” ती दचकून सरळ व्हायची. हात रुळाच्या तोंडाशी गेलेला असायचा. आजूबाजूला पाहावं तर नुसती वाफ. फोनचा तिला संशयही आला नाही, पोर तर कधीच झोपलेली.

जोडीदारणीला सांगितलं तर ती म्हणाली, “तुझ्याआधी या जागेवर एक होती ना, रुळात बोटं गेली तिची, पुढे तीही गेली. तीच बोलावत असेल.”

“मला कशाला आई म्हणेल? माझ्याहून मोठी होती ती.”

दोघी हसल्या. पण त्यानंतर कडकबाईला हाक यायची त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभं राहवेना.

आता लेक आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. दुसरीतली पोर, पण डोळ्यांखाली म्हातारीसारखी काळी वर्तुळं. जुना फोन छातीशी धरलेला.

“इकडे ये,” बाप म्हणाला. “खरं सांग. आई दिसली की झोपतेस ना?”

“नाही.”

“मग काय बघतेस? कार्टून?”

“आईला.”

“रात्रभर?”

“झोप लागते कधीकधी. मग दचकून उठते.” लेक वैतागली होती. “तिची मान खाली जाते ना. मग हाक मारावी लागते.”

सासूबाईंचा हात गुडघ्यावरच थांबला.

कडकबाईला आठवलं. मागे एकदा जेवताना तिने हसत हसत सांगितलं होतं, डुलकी लागली आणि बाही रुळात कशी ओढली गेली, जोडीदारणीने बटण दाबलं म्हणून कशी वाचले. नवरा ऐकत होता, सासूबाई ऐकत होत्या. खाली मान घालून जेवणारी लेक कुणाच्या लक्षातच नव्हती.

“आणि माझी सुट्टी असते तेव्हा?” तिने विचारलं. “तेव्हा तर मी शेजारीच असते.”

“तेव्हाही झोप येत नाही. डोळे मिटले की फोनमधली तू दिसतेस. मग मी उठून तुझी बोटं मोजते.”



“म्हणूनच म्हणतोय, फोन बंद,” नवरा म्हणाला, पण आवाजातला ताठा गेला होता.

लेकीने फोन पाठीमागे लपवला. “मग तिला कोण उठवणार?”

“जोडीदारीण असते की तिथे,” सासूबाई म्हणाल्या.

“ती पण झोपते,” लेक म्हणाली.

कडकबाईने चपला काढल्या. लेकीच्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि नवऱ्याच्या हातात दिला. आत जाऊन खिडकीला जाड चादर अडकवली, अंथरूण घातलं. स्वयंपाकघरात शेगडी थंडच होती. सगळे रोजच्यासारखे तिच्या चहाची वाट पाहत बसलेले.

ती पुन्हा दारात आली.

“मी आता झोपतेय. आजपासून कामावरून आले की संध्याकाळपर्यंत झोपणार. चहा, डबे, कपडे, डॉक्टर, सगळं तुम्ही दोघांनी बघायचं. रात्री हिच्या खोलीत फोन जाणार नाही. आज ही माझ्याजवळ झोपेल. दार आतून लावतेय, वाजवू नका.”