मनातल्या मनात वाचायची शाळा

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मनगट धरून मला उठवलं तेव्हा माझं निम्मं पान वाचून झालं होतं. मांडीवरचं पुस्तक फरशीवर पडलं. समोर दिपोटीसाहेब खुर्चीत बसले होते, शाळा तपासायला आलेले, हातात घड्याळ. दोन्ही मास्तर त्यांच्या मागे उभे होते. धाकटे मास्तर म्हणाले, "अहो, ती वाचतेय."

"वाचतीया?" आप्पा म्हणाले. "मग आवाज कुठं हाय?"

साहेबांनी थोरल्या मास्तरांकडे पाहिलं. थोरल्या मास्तरांनी मान खाली घातली. आप्पांनी मला देवळाच्या पायऱ्या उतरवून सरळ शेतात नेलं आणि हातात विळा दिला. भात कापणीला आलं होतं. मी कापायला लागले. दुसरं काय करणार?

आमची शाळा देवळाच्या मंडपात भरत असे. कानडी मुलखाच्या कडेला, हल्याळच्या पलीकडचं सुप्याच्या रानातलं गाव, घरं एकमेकांपासून लांब, मध्ये झाडी. मंडपाला भिंती नव्हत्या, नुसते खांब, आणि त्याला लागूनच आमचं शेत. म्हणूनच मला शाळा मिळाली. पोरगी शाळेत गेली की शेतातले दोन हात कमी होतात, असा आप्पांचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता. थोरल्या मास्तरांनी पुष्कळ विनवल्यावर ते तयार झाले, पण एका अटीवर. पोरीचा आवाज शेतात ऐकू आला पाहिजे. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी शाळा बंद.

आप्पांना अक्षर येत नव्हतं. मी काय शिकते हे त्यांना दुसऱ्या कशाने कळणार होतं? पण कान चांगला होता. रात्री पेज पिताना ते सांगत, आज नवी कविता घेतली, तिसऱ्या ओळीला अडखळत होतीस. आणि मी अडखळलेली असे.

थोरले मास्तर खानापूरकडचे. आमच्या भागात तापाच्या भीतीने कोणी मास्तर टिकत नसे, ज्याच्यावर वरचे नाराज त्याला इकडे धाडत. यांना कशासाठी धाडलं ते माहीत नाही, पण ते राहिले. त्यांचं शिकवणं म्हणजे ओरडणं. ते ओळ म्हणत, आम्ही सगळी मिळून ती म्हणायची, पाठ होईपर्यंत. अर्थ मागाहून, आणि कधी कधी राहूनही जाई. आमच्या घरातली बोली कोकणी मिसळलेली, बाजारात कानडी. पुस्तकातलं मराठी आम्हाला परक्या घरच्या पाहुण्यासारखं होतं. सारखं म्हणून म्हणून ते जिभेवर बसत असे.

धाकटे मास्तर बेळगावहून शिक्षकाचं शिक्षण घेऊन आले आणि त्यांच्या मागोमाग वरून हुकूम आला. सगळ्या शाळांत धडे आणि कविता नव्या रीतीने शिकवायच्या. घोळक्याने ओरडायचं नाही. मुलाने मनातल्या मनात वाचायचं आणि मग काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. साहेब येतील ते हेच तपासतील. कोणाला नको म्हणायची सोय नव्हती.

तेव्हापासून दोघांचं जमेना. ते आमच्यासमोरच भांडत. थोरले म्हणत, ही पोरं घरी असं बोलत नाहीत, कानावर पडल्याशिवाय यांना समजणार कुठून? धाकटे म्हणत, तुम्ही पोपट तयार करता. एकदा त्यांनी मलाच उभं केलं आणि पाठ असलेल्या कवितेचा अर्थ विचारला. मला सांगता आला नाही. मग त्यांनी ती मनात वाचायला लावली. त्यात डोंगर आणि नदी यांचं भांडण होतं. मी कितीतरी दिवस दोघांचं बोलणं एका दमात, एकाचंच समजून ओरडत होते. तेव्हा धाकट्या मास्तरांचं खोटं नव्हतं. पण थोरल्यांनी ती आधी पाठ करून घेतली नसती तर मला ती मनातही वाचता आली नसती. हे मी आज सांगते. तेव्हा मला कोणी विचारलं नाही.

काही दिवस त्यांनी वाटणी केली, सकाळी आवाजाने, दुपारी मनात. मग साहेब यायचे दिवस जवळ आले. धाकटे म्हणाले, हुकमात अर्धा दिवस नाही, वर कळलं तर दोघांची नोकरी जाईल. थोरल्यांना घरी पैसे पाठवावे लागत. ते गप्प झाले, आणि शाळाही गप्प झाली.

शेतात लोकांनी आप्पांना छळायला सुरुवात केली. शेजारच्या बांधावरून एकजण म्हणे, "काय रं, तुज्या पोरीची शाळा मुकी झाली जनू?" दुसरा म्हणे, "न्हाई न्हाई, झोपा काढायला शिकवत्यात आता. सरकारी हुकूम हाय." आप्पांनी मला विचारलं. मी सांगितलं, मनात वाचतो आम्ही. आप्पा म्हणाले, "मनात मी बी वाचीन की."

साहेब येणार त्या दिवशी आप्पा मुद्दाम मंडपाच्या बाजूचा तुकडा कापत होते. साहेबांपुढे तरी पोरगी बोलेल, असं त्यांना वाटलं असणार. साहेबांनी घड्याळ काढलं, वाचा म्हणाले. सगळा वर्ग पुस्तकात बघत बसला. पुढचं सांगितलंच आहे.

चार दिवसांनी दोन्ही मास्तर आमच्या खळ्यावर आले. मी भाताच्या पेंढ्या झोडपत होते. पोरगी हुशार आहे, तिला पाठवा, यावर दोघांचं एकमत होतं. थोरले आप्पांना म्हणाले, "बाबा, मी तिला रोज एक कविता मोठ्यानं म्हणायला लावीन. तू फक्त पाठव."

धाकटे लगेच म्हणाले, "असं कबूल करू नका. हुकमात बसत नाही ते."

"एका पोरीपुरतं."

"एका पोरीपुरता हुकूम नसतो."

मग ते तिथेच सुरू झाले. कविता ही ऐकायची की समजायची, यावर दोघं हातवारे करून बोलत होते. अंगावर भुसा उडत होता, तरी हलत नव्हते. आप्पा पेंढ्या उचलून मला देत राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मास्तर, तुमी दोगं आदी ठरवा. ठरलं की सांगा. पोर धाडतो."

आई तान्ह्या भावाला कडेवर घेऊन घराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "ह्यांचं ठरंस्तवर हिला लेकरं हुतील." कोणी हसलं नाही. मास्तर बांधावरून निघून गेले.

त्यांचं ठरलं नाही. थोरले मास्तर वाटेत भेटले की म्हणत, बोलणं चाललंय. मी रोज मंडपाकडे कान देऊन काम करत होते. तिकडून काही ऐकू येत नसे.

शिमगा झाला आणि ताप आला. आमच्याकडे तो दरवर्षीच येई, त्या वर्षी जास्त आला. थोरले मास्तर देवळाच्या ओवरीत पडून होते, तिथेच गेले. धाकट्यांना बैलगाडीत घालून हल्याळकडे नेलं, त्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही. मंडपातली खुर्ची आणि फळा कोणीतरी आत नेऊन ठेवला. पुढे कधीतरी शाळा परत उघडली, पण तोवर माझं लग्न झालं होतं. मी तिसरीपर्यंत शिकले.

आमच्या घरात त्या तापाने आई गेली, तान्हा भाऊ गेला. चूल माझ्याकडे आली, आणि शाळेचं नाव परत कोणी काढलं नाही. आप्पा आणि मी, दोघं जगलो.