काय मंजूर केलंसा?

कळंब्याच्या पलीकडच्या त्या गावात दूध संस्थेची वार्षिक सभा भजी तळून व्हायच्या आत संपते. सेक्रेटरी जोतीरामनं विषयाचा नंबर उच्चारला, की मागच्या रांगेतून 'मंजूर! मंजूर!' असा गलका उठतो आणि पुढच्या रांगेला विषय काय होता ते दुसऱ्या दिवशी कळतं. कोल्हापूरच्या सहकाराची ही रीतच. शालन कांबळेही बावीस वर्षं त्या गलक्यात इमानेइतबारे आवाज मिसळत आली होती.

शालन म्हणजे तीन म्हशींची मालकीण. नवरा अकाली गेला, आणि या म्हशींच्याच दुधावर तिनं एकुलत्या एका लेकीला, क्रांतीला बी.कॉम. केलं. बोलायला फटकळ, पण ते घरात आणि गोठ्यात. सभेत तिचं तोंड उघडलं ते फक्त 'मंजूर' म्हणायला.

यंदा मात्र भांडण घरातच शिरलं. आजूबाजूच्या देशांनी मिळून एक व्यापारी गट केलेला; एकमेकांच्या मालावर जकात कमी. आपला देश मागं एकदा ऐन दारातून परत फिरला होता आणि आता जावं का, याचा पुन्हा विचार चाललाय, अशी बातमी आली. चेअरमन हंबीररावांनी लगेच ठरवलं, संस्थेनं ठराव करून दिल्लीला कळवायचं : अजिबात जायचं नाही. परदेशातली स्वस्त दूध पावडर आली तर आपल्या दुधाला कुत्रं विचारणार नाही. शालनला ते शंभर टक्के पटलं.

क्रांतीला पटलं नाही. तिनं चार बायकांना घेऊन गूळ पावडरची पाकिटं भरायचं काम सुरू केलं होतं. परदेशातला एक व्यापारी म्हणत होता, तुमचा देश गटात आला की आमच्याकडची जकात उतरेल, मग माल घेतो.

"तू बी मंजूर म्हणून वरडणार, व्हय?" क्रांतीनं विचारलं.

"मग काय म्हशी इकू?"

"आणि मी गूळ उकिरड्यावर टाकू?"

त्यावर चार दिवस मायलेकींचं बोलणं बंद. भाकरीचं ताट समोर सरकवायचं आणि तोंड फिरवायचं. शालनचा जीव तीळतीळ तुटत होता. आपल्या म्हशी जगवायच्या की लेकीचा धंदा, हे कुठल्या आईनं ठरवायचं?

सभेला क्रांती आली, पण सभासद नव्हती म्हणून दाराशीच उभी राहिली. शेवटच्या विषयाला जोतीरामनं सुरुवात केली, "आपल्या देशाने सदर व्यापारी गटात..." आणि पुढचं वाचायच्या आत मागून 'मंजूर! मंजूर!' सुरू. जायचं मंजूर की न जायचं, ते बोंबलणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. हंबीररावांनी कपाळाला हात लावला.

शालन कधी उठली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"काय मंजूर केलंसा?"

सगळे हसले. पण आता खाली बसणं उभं राहण्यापेक्षा अवघड होतं.

"चेअरमन, मला त्या गटाबिटातलं काय कळत न्हाय. पर दारातनं माघारी जाणं कळतंय. मी पयल्यांदा हितं दूध घालाय आले, तवा बौद्धवाड्यातल्या बाईचं दूध म्हणून मला सांगितलं, तुझा कॅन येगळा. मी माघारी गेले. वरीसभर शहरात दारोदार रतीब घातला. पर परत ह्या दारात पाय ठेवणार न्हाय, असं म्हटलं न्हाय मी. दुसऱ्या वर्षी आले आणि सांगितलं, माझं दूध सगळ्यांच्या दुधातच पडंल, तर सभासद हुते. घेतलंसा की! देशानं बी आदी आपली अट सांगावी. दूध आणि पावडर गटाच्या भाईर, तेवढं लिव्हून द्या, मग येतो. न्हाय दिलं तर माघारी. पर आपणच दार लावून घ्यायचं कशाला? माझ्या म्हशी बी जगू द्यात, माझ्या लेकीचा गूळ बी."

 हंबीररावांनी जोतीरामला जुना कागद बाजूला ठेवून, ती म्हणते तसं लिहायला सांगितलं.

"सूचक, शालन कांबळे," जोतीराम लिहिता लिहिता म्हणाला. "अनुमोदक कोण?"

कुणी हात वर करीना. वेगळ्या कॅनचं नाव निघाल्यापासून माणसं आपापल्या पायांकडं बघत बसली होती.

पहिल्या रांगेतून हंबीररावांची आई, ऐंशीच्या घरातली चिमणाबाई, काठी टेकत उठली. सभासदांत तिच्याइतकं जुनं कुणी उरलं नव्हतं.

"त्यो कॅन येगळा ठेवा म्हणून मीच सांगितलंतं," ती म्हणाली. "हिला ठावं हाय. तरी चारचौघांत हिनं माझं नाव घेतलं न्हाय." "लिव्ह रं जोतीराम. अनुमोदक, चिमणाबाई."

मग मागच्या रांगेतूनही हात वर झाले. दिल्लीत त्या कागदाचं काय व्हायचं ते होवो. शालन खाली बसली आणि इतक्या वर्षांचं रडू तिला एकदम कोसळलं. क्रांती कुणाला न विचारता दारातून थेट आत आली आणि तिनं आईचा दंड धरला.

"चल आई," ती म्हणाली. "धारा काढायच्यात. मी बी येते."